बाळेकाई ते बाळेहण्णु

कन्नडात कच्च्या फळाला ‘काई’ आणि पिकलेल्याला ‘हण्णु’, अशी दोन वेगळी नावे आहेत. मराठीत आपण ‘कच्ची केळी, पिकलेली केळी’ एवढ्यावर भागवतो. वनस्पतिशास्त्र शिकवताना मला कन्नडची वाटणी जास्त नेमकी वाटते. बाळेकाईचे बाळेहण्णु होताना पेशींतला सारा कारभारच बदलतो.

आमच्या बऱ्हाणपुरात घड हिरवेच कापतात आणि ट्रकने दूरच्या बाजारांत पाठवतात. हिरव्या केळात साधारण पाचवा हिस्सा पिष्ट असते. पिकल्यावर ते एक-दोन टक्केच उरते, बाकीची साखर होते. हे घडवून आणतो इथिलीन हा साधा वायू. पिकणारे फळ तो स्वतःच सोडते, हे इंग्लंडमध्ये गेन यांनी १९३४ साली सिद्ध केले.

पेशीत इथिलीन ओळखणारी प्रथिने असतात. गंमत अशी, की वायू नसतो तेव्हाच ती कामावर असतात; पिकण्याच्या जनुकांवर ब्रेक दाबून बसतात. इथिलीन येऊन चिकटला की ब्रेक सुटतो. एरवी लगेच नष्ट होणारे ‘ईआयएन-३’ हे प्रथिन मग केंद्रकात टिकते आणि पिष्ट फोडणारी, गर मऊ करणारी, वास आणणारी जनुके कामाला लागतात. त्यांत इथिलीन बनवणारी जनुकेही असतात! म्हणूनच एक केळे पिकले की शेजारची मागे राहत नाहीत. आढीत एखादे पिकलेले फळ ठेवायची घरोघरची रीत यावरच चालते.

कार्बाइडची पुडी हेच काम चोरवाटेने करते. ओलाव्याने तिच्यातून निघणारा अ‍ॅसिटिलीन इथिलीनची नक्कल करतो. पण बाजारातल्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. त्यावर कायद्याने बंदी आहे. इथिलीन वायूला मात्र २०१६ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने परवानगी दिली, हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांपर्यंत. दोन्ही ‘केमिकल’च, असे म्हणून एका मापाने मोजणे मला पटत नाही.

रंगावरही फार विसंबू नये. रायपनिंग चेंबरमध्ये तापमान १६ ते १८ अंश ठेवतात. आपल्या उन्हाळ्यात बसराई किंवा ग्रँड नैन आतून पिकते, पण साल हिरवट राहते, कारण जास्त उष्णतेत हरितद्रव्य पुरते जात नाही. हिरवी केळी फ्रीजमध्येही ठेवू नयेत. १३ अंशांखाली साल काळवंडते आणि फळ पुढे धड पिकत नाही.