सायकलची शर्यत बघायला उभं कुठं राहायचं?

पहाटे साडेचारला उठून मी डब्यात पोहे भरले, थर्मासमध्ये चहा ओतला, दोन झोपाळू मुलांना गाडीत कोंबलं आणि बेंगळुरूच्या बाहेर, विमानतळाच्याही पुढे असलेल्या एका सरळसोट रस्त्यावर जाऊन उभी राहिले. तिथून सायकलची मोठी शर्यत जाणार होती. जागा मीच निवडली होती. रस्ता रुंद, बाजूला कडुनिंबाची सावली, गाडी लावायला ऐसपैस मैदान. आम्ही पावणेदोन तास वाट पाहिली. मग दुरून शिट्ट्या ऐकू आल्या, पोलिसांच्या मोटारसायकली गेल्या आणि रंगीबेरंगी कपड्यांचा एक लोंढा सर्रकन समोरून निघून गेला. वाऱ्याचा झोत तेवढा अंगाला लागला.

"आई, आता परत कधी येणार?" धाकट्यानं विचारलं.

परत येणारच नव्हते. शर्यत एका गावाहून दुसऱ्या गावाला होती. मोठी तर त्या वेळी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत होती, तिनं काहीच पाहिलं नाही. घरी येईपर्यंत ती गाडीत एक शब्द बोलली नाही.

चूक कुठं झाली ते नंतर कागदावर मांडून पाहिलं. सपाट रस्त्यावर चांगले सायकलपटू ताशी ४५ किलोमीटरनं सहज जातात. म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर. तुमच्या डोळ्यांसमोर रस्त्याचा शंभर मीटरचा तुकडा असेल, तर एक स्वार तो आठ सेकंदांत पार करतो. शिवाय सगळे एकत्रच असतात. पुढच्याच्या मागे चिकटून सायकल चालवली की वारा कमी लागतो आणि बरीच ताकद वाचते, म्हणून सपाटीवर शंभर-सव्वाशे जण एकाच घोळक्यात राहतात. या घोळक्याला पेलोटॉन म्हणतात. बघणाऱ्याच्या दृष्टीनं पेलोटॉन म्हणजे एक धावती भिंत. त्यात कुणाचा चेहरा दिसत नाही.

चढावर हेच गणित उलटं होतं. वेग ताशी १५ किलोमीटरवर आला की तोच शंभर मीटरचा तुकडा चोवीस सेकंद घेतो. वेग कमी, म्हणून वाऱ्याची आडही फारशी उपयोगाची राहत नाही. ज्याच्या पायात दम आहे तो पुढे जातो, बाकीचे मागे पडतात, घोळका फुटतो आणि माळेचे मणी सुटावेत तसे स्वार एकेक करत येतात. पहिला आणि शेवटचा यांच्यात वीस-पंचवीस मिनिटांचं अंतरसुद्धा पडू शकतं. त्याच शर्यतीत, त्याच दिवशी, कुणाला आठ सेकंद दिसतात तर कुणाला अर्धा तास. फरक फक्त उभं राहण्याच्या जागेचा.

हे मी पुण्याला बाबांना फोनवर सांगितलं तर ते हसायलाच लागले. "अगं, एवढं गणित कशाला? घाटात उभं राहायचं असतं, हे आम्हाला शाळेत असताना माहीत होतं."

त्यांचा घाट म्हणजे बोरघाट आणि शर्यत म्हणजे मुंबई-पुणे. ही शर्यत अनेक दशकांपासूनची आहे. दादर किंवा चेंबूरकडून निघालेली मंडळी पनवेलपर्यंत सपाटीवर येतात, खोपोली सोडली की जुन्या रस्त्याचा चढ सुरू होतो आणि खंडाळ्यापर्यंत सुटका नाही. घाट सर्वांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' हा मान वेगळा मिळतो. शर्यत पुण्यात संपते खरी, पण बाबा आणि त्यांचे थोरले भाऊ पुण्यात थांबत नसत. लोणावळ्यापर्यंत लोकलनं आणि पुढे घाट चालत उतरून शिंग्रोबाच्या देवळापाशी कठड्यावर बसत. शिंग्रोबा म्हणजे इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर, अशी कथा आहे. येणारे-जाणारे ड्रायव्हर आजही तिथं नाणं टाकतात. "पोरं अशी धापा टाकत यायची की त्यांचा श्वास आम्हाला ऐकू यायचा," बाबा म्हणाले. "कुणी मधेच उतरून सायकल ढकलायचा, कुणी रडवेला व्हायचा. आम्ही नावानं हाक मारायचो. नाव माहीत नसलं तर छातीवरचा नंबर ओरडायचो."

श्वास ऐकू येईल इतक्या जवळून एवढ्या वरच्या दर्जाचा खेळ, तोही तिकिटाशिवाय, दुसरा कुठला बघायला मिळतो ते मला तरी सुचत नाही.

तर बेंगळुरूत राहणाऱ्यांचा बोरघाट म्हणजे नंदी. शहरापासून साधारण साठ किलोमीटरवर १,४७८ मीटर उंचीचा हा डोंगर. पायथ्याच्या नाक्यापासून वर सुमारे साडेसात किलोमीटरचा चढ आहे. इथले सायकलवाले त्याला चाळीस वळणांचा रस्ता म्हणतात. रविवारी पहाटे तुम्ही गेलात तर शर्यत नसली तरी शंभरेक सायकली दिसतील, आणि अधूनमधून हौशी सायकलपटूंच्या वेळ लावून चढायच्या स्पर्धाही इथं होतात. पुढच्या खेपेला आम्ही अशाच एका स्पर्धेला गेलो आणि सरळ रस्त्याचा मोह टाळून वळणावर उभे राहिलो.

वळण निवडताना तीन गोष्टी बघाव्यात असं आता माझं मत झालं आहे. एक, खालचा रस्ता दिसायला हवा. केसांच्या पिनेसारखं दुमडलेलं वळण असेल तर स्वार आधी तुमच्या पायाखालून जाताना दिसतो, वळतो, आणि दोन मिनिटांनी तोच घामाघूम चेहरा समोर येतो. तेवढ्या वेळात मुलांना ओळखता येतं : हा मघाचा हिरव्या टोपीवाला! दोन, डोंगराच्या अंगाला, रस्त्यापेक्षा जरा उंचावर उभं राहायला जागा हवी. दरीच्या बाजूच्या कठड्यावर मुलांना बसवू नये. बाबा बसायचे, पण ते दिवस वेगळे आणि त्यांची आई तिथं नव्हती. तीन, वळण चढाचंच असावं. उताराच्या वळणाची बाहेरची बाजू ही सर्वांत वाईट जागा. उतारावर वेग ताशी सत्तरच्या वर जातो, आणि कुणी घसरला तर तो बाहेरच्याच बाजूला येऊन आदळतो.

नंदीवर आणखी एक अडचण आहे, माकडं. पोह्यांचा डबा उघडायच्या आत एकानं पिशवीच उचलली. शर्यत बघायला जाताना तिथं खाणं गाडीत ठेवावं आणि परतताना एखाद्या दर्शिनीत उभ्यानं इडली-वडा खावा, हे उत्तम.

आता त्या सकाळचा जो प्रसंग मला अजून झोपेत आठवतो, तो सांगते. पुढचे वीस-पंचवीस जण गेले होते. रस्ता रिकामा झाला. कुणाची तरी पाण्याची बाटली पलीकडे पडली होती. स्पर्धकांच्या रिकाम्या बाटल्या गोळा करणं हा जगभर मुलांचा आवडता उद्योग आहे. धाकटा ती घ्यायला धावला. त्याच क्षणी खालून वळणावर आणखी एक स्वार आला, मान खाली घालून, सगळं बळ पायात. मी ओरडले, पण माझ्याआधी तिथल्या स्वयंसेवकानं पोराला दंडाला धरून मागे ओढलं. सायकलचं हँडल त्याच्या शर्टाला चाटून गेलं. स्वार थोडा हेलपाटला, सावरला, आणि मागेही न बघता पुढे गेला. चढ होता म्हणून निभावलं. सपाटीवर असतो तर दोघंही दवाखान्यात असते.

स्वयंसेवक रागावला नाही. मोडक्यातोडक्या हिंदीत त्यानं मुलाला समजावलं की शर्यत कधी संपली हे रस्त्याकडे बघून नाही, झेंड्याकडे बघून ठरवायचं. मोठ्या शर्यतीत सर्वांत पुढच्या गाडीवर लाल झेंडा असतो आणि सर्वांत मागच्या गाडीवर हिरवा. हिरवा जाईपर्यंत तो रस्ता तुमचा नाही. मधे कितीही वेळ शांतता असो. हा नियम आमच्या घरात आता पाठ आहे.

प्रेक्षकाच्या एका पावलानं काय होतं, त्याची उदाहरणं फ्रान्सच्या 'टूर द फ्रान्स'मध्ये पुष्कळ आहेत. २६ जून २०२१ ला, पहिल्याच दिवशी, एक बाई आजी-आजोबांसाठी लिहिलेला पुठ्ठ्याचा फलक टीव्हीच्या कॅमेऱ्याला दाखवत रस्त्यात वाकून उभी राहिली. तिची पाठ सायकलींकडे होती. टोनी मार्टिन हा जर्मन सायकलपटू त्या फलकाला धडकला आणि त्याच्यामागे डझनावारी स्वार एकमेकांवर कोसळले. बाईंना पुढे कोर्टानं १,२०० युरो दंड केला. १९९९ मध्ये तर आल्प द्युएझच्या चढावर, शेवट अगदी जवळ आलेला असताना, एक हौशी फोटो काढायला रस्त्यात आला आणि सर्वांच्या पुढे असलेला इटलीचा ज्युसेप्पे गुएरिनी पडला. तो उठला, पुन्हा सायकलवर बसला आणि तरीही जिंकला. वाचताना छान वाटतं, पण त्या फोटो काढणाऱ्याच्या जागी आपण असण्याची कल्पना करून बघा. आपल्याकडे तर प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. पडद्यातून बघताना सायकल असते त्यापेक्षा दूर वाटते, हे विसरू नका.

हा आल्प द्युएझ म्हणजे एकवीस वळणांचा, जवळपास चौदा किलोमीटरचा चढ. लोक तिथं काही दिवस आधीपासून तंबू ठोकून जागा धरतात. सातव्या क्रमांकाच्या वळणावर नेदरलँड्सचे लोक नारिंगी कपडे घालून इतकी गर्दी करतात की त्याचं नावच 'डच कोपरा' पडलं आहे. आपल्या दक्षिणेत वळणांना असे क्रमांक बघायचे तर मसिनगुडीहून उटीला चढणारा कल्हट्टी घाट. छत्तीस वळणं, प्रत्येकावर पाटी. २००८ मध्ये बेंगळुरूच्या सायकलप्रेमींनी सुरू केलेल्या 'टूर ऑफ नीलगिरीज'मधला हा सर्वांत धसका घेण्यासारखा चढ. पण इथं प्रेक्षक म्हणून जायचं तर तयारी लागते. वाटेत बंदीपूर आणि मुदुमलाईचं जंगल आहे. बंदीपूरचा रस्ता रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतो, जंगलात गाडी थांबवता येत नाही, आणि नीलगिरीत शिरायला ई-पास काढावा लागतो. लहान मुलं असतील तर मी नंदीच सुचवेन.

आणि ज्यांना चढ चढून जाणं शक्य नाही त्यांनी काय करायचं? हा प्रश्न बाबांनीच उभा केला. १९ ते २३ जानेवारी २०२६ या दिवसांत पुण्यात 'पुणे ग्रँड टूर' झाली. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाच्या २.२ दर्जाची, सुमारे ४३७ किलोमीटरची, टप्प्याटप्प्यांची शर्यत. बाबांचे गुडघे आता बोरघाट उतरू देत नाहीत. पण तिची सुरुवात शहरातल्याच छोट्या 'प्रोलॉग'नं होती. यात घोळका नसतो. एकेक स्वार ठरावीक अंतरानं सुटतो आणि घड्याळाशी एकटा झुंजतो. वेग भरपूर, पण एक गेला की थोड्याच वेळात दुसरा येतो, त्यामुळे एका जागी घडीची खुर्ची टाकून बसलं तरी अख्खी शर्यत समोरून जाते. ज्येष्ठांसाठी आणि लहानांसाठी याहून सोयीचं काही नाही. त्याखालोखाल, एकाच वर्तुळात अनेक फेऱ्या मारणारी शर्यत. पहिल्या फेरीत चुकलं तर दुसरी आहेच.

शेवटच्या रेषेचा हट्ट मात्र सोडावा. तिथं गर्दी, अडथळ्यांचे पत्रे आणि पुढच्याची डोकी यांच्याशिवाय फारसं काही दिसत नाही. त्यापेक्षा सुरुवातीच्या ठिकाणी तासभर आधी जावं. स्वार निवांत असतात, सायकली भिंतीला टेकवलेल्या असतात, एवढं हलकं चाक मुलांना जवळून बघता येतं. आणि कुठंही गेलात तरी दोन गोष्टी आदल्या दिवशीच शोधून ठेवा : रस्ता किती वाजता बंद होणार आणि जवळचा पेट्रोल पंप कुठं आहे. पंप गाडीसाठी नाही, बाथरूमसाठी. तासन्‌तास वाट बघणाऱ्या कुटुंबातल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको.

नंदीवर त्या दिवशी आम्ही शेवटपर्यंत थांबलो. झेंड्याची गाडी दिसेपर्यंत हलायचं नाही असं धाकट्यानं स्वतःच ठरवलं होतं. गर्दी पांगली होती, टपरीवाल्यानं किटली धुवायला घेतली होती. तेव्हा सर्वांत शेवटचा स्वार आला, पन्नाशीचे एक काका, पोट सुटलेले, चालणाऱ्याच्या वेगानं. मोठी पुढे झाली आणि गळा ताणून ओरडली, "बेग, बेग, अंकल!" काकांनी मान वर केली, हसायचा प्रयत्न केला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "अजून किती वळणं?"

तिनं मोजली होती. "अकरा," ती म्हणाली.