न जेवता साखर कशी वाढते?

राखेच्या बुधवारी मिस्सा संपता संपता आमच्या एका आजीबाईंना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले. बाकावरच बसवून साखरेचे पाणी पाजले, तेव्हा पंधरा मिनिटांनी हुशारी आली. मागून कळले, सकाळची साखर नेहमी वाढलेली निघते म्हणून त्यांनी आदल्या रात्रीपासून जेवण सोडले होते. मधुमेहाची गोळी मात्र घेतली होती.

"फादर, पोटात अन्न नाही, मग साखर येते कोठून?" हा त्यांचा प्रश्न रास्त आहे.

ती यकृतातून येते. निपाणीच्या वखारीत तंबाखूची थप्पी लावावी तशी यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने साखर साठलेली असते. जेवलेल्या माणसात सुमारे १०० ग्रॅम. रात्री रक्तातील साखर उतरू लागली की ग्लुकागॉन हे संप्रेरक निरोप धाडते. तो फॉस्फोरिलेज कायनेज या विकराला, म्हणजे एन्झाइमला, पोचतो. हा वखारीचा मुकादम समजा. स्वतः तो पोते उचलीत नाही. फॉस्फोरिलेज नावाच्या हमालाला तो फॉस्फेटचा एक कण चिकटवतो (शेतात सुपर फॉस्फेट टाकतो, त्यातलाच हा फॉस्फेट) आणि हमाल साखर सुटी करू लागतो. कण काढून घेतला की हमाल थंड! एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज यांनी ही किल्ली १९५५ च्या सुमारास अमेरिकेत सिअ‍ॅटल येथे शोधली. नोबेल मिळाले १९९२ साली.

मुकादमाला आवरते ते इन्सुलिन. मधुमेहात तेच तोकडे पडते, आणि यकृत नवी साखरही बनवीत राहते. म्हणून रात्री उपाशी राहिल्याने सकाळची साखर ताब्यात येईलच असे नाही. उलट, ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिले तर औषध मुकादमाला दडपते आणि पोटातूनही काही येत नाही. आजीबाईंचे नेमके हेच झाले.

१९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणे उपवासाचे बंधन १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंतच आहे, आणि आजाऱ्यांना मोकळीक आहे. आजीबाई सत्तरीच्या! तरीही कोणाला गुड फ्रायडेचा उपवास धरावयाचाच असेल, तर औषधाचे काय करावे ते आधी डॉक्टरांना विचारावे. मनाने बंद करू नये. घाम, थरथर, भोवळ आली तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठावा.