शरीफांची पदे, दीक्षितांची गिटार आणि शेवटच्या कडव्यातील नाव

जुनी हुबळी ही आजच्या हुबळी शहराची मूळ वस्ती. सिद्धारूढ स्वामींच्या मठामुळे ती गोवा, बेळगाव आणि कोल्हापूरकडील मराठी भाविकांच्याही परिचयाची आहे. हुबळीच्या रेल्वेस्थानकाला २०२० मध्ये स्वामींचेच नाव देण्यात आले. बिदर भागातील चळकापूर येथे १८३६ मध्ये जन्मलेले सिद्धारूढ देशभर भ्रमंती करून जुन्या हुबळीत स्थिरावले आणि १९२९ मध्ये तेथेच त्यांनी देह ठेवला. जातिधर्माचा भेद न पाळणारा मठ ही त्याची ओळख. निजगुण शिवयोगींच्या ग्रंथांचे निरूपण आणि भजन हा तेथील साधनेचा गाभा होय.

हुबळी, धारवाड आणि हावेरीच्या या पट्ट्यात ‘तत्त्वपद’ नावाचा गीतप्रकार रुजला. वेदान्ताचा विचार घरगुती वस्तूंच्या आणि रोजच्या कामांच्या रूपकांतून सांगायचा आणि तो एकतारीवर गायचा, असे त्याचे स्वरूप. त्यातील सर्वांत लोकप्रिय कवी म्हणजे शिशुनाळ शरीफ (१८१९ ते १८८९). नवलगुंदचे नागलिंग स्वामी, गरगचे मडिवाळप्पा आणि जुन्या हुबळीचे सिद्धारूढ यांच्याबरोबर शरीफांचे नाव लोककथांत एका दमात घेतले जाते. याच शरीफांची पदे एकविसाव्या शतकात गिटार, व्हायोलिन आणि ड्रम यांच्या साथीने तरुण श्रोत्यांपर्यंत पोहोचली, ती रघू दीक्षित या लोक-पॉप गायकामुळे.

दीक्षित यांचा जन्म ११ नोव्हेंबर १९७४ रोजी नाशिकचा. कुटुंब तमिळ भाषक. बालपण आणि शिक्षण म्हैसूरला झाले. म्हैसूर विद्यापीठातून सूक्ष्मजीवशास्त्रात सुवर्णपदकासह पदव्युत्तर पदवी घेतलेल्या या तरुणाने भरतनाट्यमचेही रीतसर शिक्षण घेतले होते. नृत्यावरून एका सहाध्यायाने केलेली थट्टा जिव्हारी लागली आणि पैजेवर गिटार शिकलो, असे ते मुलाखतींत सांगतात. पुढे बेल्जियममध्ये औषधनिर्मिती क्षेत्रात नोकरी करीत असताना त्यांचे गाणे तेथील रेडिओवर वाजले. त्यानंतर त्यांनी मायदेशी परतून संगीताचाच मार्ग धरला.

मार्ग सोपा नव्हता. चित्रपटगीतांच्या बाजारात स्वतंत्र गीतकार-गायकाला जागा नसते आणि ध्वनिमुद्रिका कंपन्यांचे दरवाजे त्यांच्यासाठी अनेक वर्षे बंद राहिले. अखेर संगीतकार विशाल ददलानी आणि शेखर रावजियानी यांनी आपल्या संस्थेतर्फे २००८ मध्ये ‘अंतराग्नी’ हा त्यांचा पहिला अल्बम काढला. त्यात हिंदी, कन्नड आणि इंग्रजी गाणी एकत्र होती. २०१० मध्ये बीबीसीवरील जूल्स हॉलंड यांच्या कार्यक्रमाने त्यांना ब्रिटनमध्ये श्रोते मिळवून दिले. २०११ मध्ये ‘साँगलाइन्स’ मासिकाचा सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार आणि ग्लास्टनबरी महोत्सवाचा रंगमंच लाभला. २०१३ मध्ये ‘जग चंगा’ हा दुसरा अल्बम आला. कन्नड आणि हिंदी चित्रपटांनाही त्यांनी संगीत दिले. रंगीत लुंगी आणि पायांतील घुंगरू हा त्यांचा वेष ओळखीचा झाला. २०१८ मध्ये ‘मी टू’ मोहिमेत त्यांच्यावर गैरवर्तनाचे आरोप झाले आणि त्यांनी जाहीर माफी मागितली, हीदेखील या कारकिर्दीतील नोंद आहे.

दीक्षित स्वतः गीतकार आहेत. तरीही कन्नड श्रोता त्यांच्याकडून हमखास मागतो ती शरीफांची पदे. पहिल्या अल्बममधील अशा दोन पदांचे विषय पाहण्याजोगे आहेत. एका पदात गुडगुडी आहे. हुक्क्यासाठी मराठीतही हाच शब्द आहे. शरीफ तिच्या प्रत्येक भागाला देहाचा आणि मनाचा अर्थ देतात. दुसऱ्या पदात घराचे गळके माळवद आहे. मातीचे धाबे दरवर्षी डागडुजी मागते, हे दख्खनच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. ते छप्पर म्हणजे देह आणि गळती म्हणजे अज्ञान, हे ऐकणाऱ्याला हळूहळू उमगते.

ही रूपके ज्या आयुष्यातून आली, तेही विलक्षण होते. हावेरी जिल्ह्यातील शिग्गाव तालुक्यातले शिशुनाळ हे शरीफांचे गाव. वडील इमाम साहेब. हुलगूरचे सूफी संत हजरेश कादरी यांच्या आशीर्वादाने हे मूल झाले, अशी घरच्यांची श्रद्धा होती. मुलकी परीक्षा उत्तीर्ण होऊन शरीफांनी काही काळ शाळेत शिकवले. पुढे कळसचे गोविंद भट्ट या ब्राह्मण गुरूंनी त्यांना शिष्य केले. दोन्ही समाजांतील कर्मठांचा रोष गुरुशिष्यांनी सोसला. आज शिशुनाळ येथील त्यांच्या समाधीवर हिंदू आणि मुसलमान दोघेही माथा टेकतात.

शरीफांची पदे दीर्घकाळ तोंडोतोंडी टिकली. भजनी मंडळांनी ती जपली. नंतर सी. अश्वथ यांनी त्यांना भावगीताच्या शैलीत बांधले आणि टी. एस. नागाभरण यांच्या १९९० च्या ‘संत शिशुनाळ शरीफ’ या चित्रपटाद्वारे ती घरोघर गेली. त्या चित्रपटात गुरू गोविंद भट्टांची भूमिका गिरीश कार्नाड यांनी केली होती. दीक्षित हा या साखळीतील पुढचा दुवा.

येथेच लोक-पॉपचा खरा प्रश्न उभा राहतो. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. शरीफांची पदे त्यामुळे कोणीही गाऊ शकतो, कोणत्याही वाद्यावर बसवू शकतो आणि त्याबद्दल कोणाला काही देणे लागत नाही. शरीफांच्या नावाची राखण करते ती केवळ त्यांची अंकितमुद्रा. ‘शिशुनाळाधीश’ हा शब्द, म्हणजे त्यांच्या गावच्या देवाचे नाव, पदाच्या अखेरीस येतो. मराठी श्रोत्याला ही रीत नवी नाही. तुकोबांचे नाव अभंगाच्या शेवटच्या चरणात असतेच. गोमंतकीयांना तर जवळचे उदाहरण आहे. सोहिरोबानाथ आंबिये यांचे पद पंडित जितेंद्र अभिषेकी यांच्या स्वरात घरोघर पोहोचले. अनेकांच्या मनात ते ‘अभिषेकींचे भजन’ असते. पण शेवटी ‘सोहिरा’ हे नाव येते आणि श्रेय मूळ मालकाकडे परत जाते.

अडचण अशी की, मुद्रा शेवटी असते आणि काट मारायची वेळ आली की पहिली कात्री शेवटच्या कडव्यालाच लागते. नभोवाणी, चित्रपट आणि आता मोबाइलवरील अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितींना गाण्याचा आकर्षक मुखडा पुरतो. मुद्रा गळाली की पद ‘पारंपरिक’ ठरते आणि नंतर ज्याने लोकप्रिय केले त्याच्या नावावर जमा होते. चालीत, वाद्यांत, वेषात बदल झाल्याने शरीफांचे काही बिघडत नाही. अश्वथांनीही चाल बदललीच होती. दीक्षितांच्या गिटारीने ही पदे कन्नड न जाणणाऱ्यांपर्यंत नेली, हे त्यांच्या कारकिर्दीचे मोठे संचित आहे. मात्र कोणतेही लोकपद नव्या वाद्यमेळात बसवताना शेवटचे कडवे राखले, तरच श्रोत्याला त्या पदामागे एक माणूस आणि एक गाव होते हे कळेल.