मागुराच्या पिलांसाठी हौद

मागूर चिखलातही तग धरतो. म्हणून त्याची पिले कशाही पाण्यात वाढतील, असे समजू नका. मागूर वरची हवा घेऊन जगतो खरा, पण ते इंद्रिय पिलात साधारण दहा-बारा दिवसांनी कामाला येते. तोवर सारी भिस्त कल्ल्यांवर, म्हणजे पाण्यातल्या प्राणवायूवर. म्हणून मत्स्यबीज केंद्रातल्या हौदाचे पाणी वाहते हवे.

पुढे पिलू हवेसाठी वर येऊ लागते. पाणी खोल असेल, तर या खेपांतच ते थकते. तेव्हा चार-पाच बोटे, म्हणजे ८ ते १० सेंटिमीटर पाणी पुरे.

हौद गोल बरा. चौकोनी हौदाच्या कोपऱ्यांत पिले एकावर एक गोळा होतात, उरलेले खाद्य तिथेच कुजते. पाणी बारीक धारांनी पडावे. बाहेर जाण्याच्या तोंडाला बारीक जाळी लावावी.

शिक्षकांनी मुलांकडून हिशेब करून घ्यावा: १ मीटर व्यासाच्या हौदात १० सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे ७८ लिटर. मिनिटाला १ लिटर आले, तर तेवढे पाणी यायला सव्वा तासाहून थोडे अधिक लागेल. घड्याळ आणि लिटरचे माप घ्या, धार मोजा. पिले मेल्यावर कारण शोधण्यापेक्षा हे सोपे, नाही का?