लोकलमध्ये लपलेली जागा

लोकलच्या डब्यात बसायला जागा मिळो न मिळो, तिच्या नावात मात्र जागा असतेच! प्राचीन रोममधली माणसं लॅटिन बोलायची. जागेला ती म्हणायची 'लोकुस'. त्यावरून झालं 'लोकल', म्हणजे त्या त्या जागेचं. लांब पल्ल्याची नाही, इथल्या इथे धावणारी, म्हणून आपली गाडी लोकल.

रेल्वेतली माणसं इंजिनाला 'लोको' म्हणतात ना? पूर्ण शब्द लोकोमोटिव्ह. 'लोको' म्हणजे जागेवरून, 'मोटिव्ह' म्हणजे हलवणारं. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली, तेव्हा साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी मिळून १४ डबे जागचे हलवले! (आपला संस्कृतातून आलेला 'लोक' दिसतो सारखा, पण तो या घरातला नाही, बरं का.)

सैन्यातला लेफ्टनंटही याच घरातला. वरिष्ठ नसेल तेव्हा त्याची जागा सांभाळणारा, तो लेफ्टनंट.

मला सगळ्यांत आवडतो तो गणितातला 'लोकस'. मराठीत त्याला किती सुरेख नाव आहे: बिंदुपथ. एखादा नियम पाळत फिरणाऱ्या बिंदूची वाट. करूनच बघा. पुठ्ठ्यावर कागद ठेवून दोन टाचण्या जवळजवळ टोचा. दोऱ्याची टोकं बांधून सैलसर वेटोळं करा आणि ते टाचण्यांभोवती टाका. आता आतून पेन्सिलीने दोरा ताणून धरा आणि फिरवत न्या. दोरा ढिला पडू द्यायचा नाही, एवढा एकच नियम. कागदावर काय उमटलं? लंबवर्तुळ! पेन्सिल कुठेही असो, दोन्ही टाचण्यांपासूनच्या तिच्या अंतरांची बेरीज तेवढीच राहते. ग्रह सूर्याभोवती अशाच वाटेने फिरतात आणि सूर्य एका टाचणीच्या जागी असतो, हे केपलरने १६०९ साली जगाला सांगितलं.

आणि एक लोकस तर तुमच्या आत आहे. आपल्या पेशींमध्ये गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. त्यांतल्या नवव्या गुणसूत्राच्या एका टोकाजवळ रक्तगट ठरवणारं जनुक बसलेलं असतं. आईकडून आलेल्या गुणसूत्रावर ज्या जागी, बाबांकडून आलेल्यावरही त्याच जागी. त्या जागेला शास्त्रज्ञ लोकस म्हणतात. आईकडून तिथे 'ए' आला आणि बाबांकडून 'बी', तर तुमचा गट एबी. शाळेच्या ओळखपत्रावर रक्तगट छापलेला असतो, बघा. ती अक्षरं तिथून आलीत!