परदेशी डिस्क, देशी प्लेअर

आज जरा जुनाट वाटेल असा विषय घेतोय. आमच्या के. आर. पुरममध्ये तो अजून जुना झालेला नाही, म्हणून घेतोय.

झुलत्या पुलापासून व्हाइटफील्डपर्यंत आयटीतली मराठी मंडळी पुष्कळ. त्यातलं एक कुटुंब अमेरिकेत बारा वर्षं राहून परत आलं आणि येताना खोकंभर डिस्क घेऊन आलं. इथे त्यांनी नवा ब्लू-रे प्लेअर घेतला. मुलीच्या बारशाची डीव्हीडी लागली. पुण्याहून तिकडे नेलेले मराठी सिनेमेही लागले. तिकडे विकत घेतलेल्या डिस्क मात्र एकामागून एक नाकारल्या गेल्या. पडद्यावर एवढंच, की ही डिस्क या प्रदेशासाठी नाही. बिचारे प्लेअर परत करायला निघाले होते. प्लेअर ठणठणीत होता.

डीव्हीडी आली तेव्हा सिनेमा कंपन्यांनी जगाचे सहा वाटे केले. अमेरिका आणि कॅनडा 1 मध्ये, युरोप आणि जपान 2 मध्ये, ऑस्ट्रेलिया 4 मध्ये, आपण 5 मध्ये, चीन 6 मध्ये. हॉलिवूडचा सिनेमा तेव्हा अमेरिकेत आधी लागायचा आणि इतर देशांत काही महिन्यांनी. थिएटरात लागण्याआधी डिस्क घरात पोचू नये, म्हणून हे कुलूप. डिस्कच्या वेष्टनावर पृथ्वीच्या गोलात छोटा आकडा छापलेला असतो, तोच हा. आपल्या सिनेमांच्या बहुतेक डीव्हीडी मात्र सगळ्या प्रदेशांसाठी खुल्या निघाल्या. त्या दुबईतही विकायच्या होत्या आणि न्यू जर्सीतही. व्हीसीडीला तर असं कुलूप कधी नव्हतंच. घरगुती कॅमेऱ्याच्या किंवा लग्नवाल्या फोटोग्राफरने भरून दिलेल्या डिस्कलाही नसतं. बारसं लागलं ते त्यामुळे.

ब्लू-रेमध्ये तीनच वाटे राहिले. ए म्हणजे अमेरिका, जपान, कोरिया. बी म्हणजे युरोप, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका. सी म्हणजे भारत, रशिया, चीन. यातली चुटपुट लावणारी गोष्ट सत्यजित राय यांच्या अपू त्रयीची. मूळ निगेटिव्हं 1993 मध्ये लंडनच्या एका लॅबला लागलेल्या आगीत जळाली. उरलेले तुकडे सांधून, जिथे काहीच उरलं नव्हतं तिथे दुसऱ्या प्रतींमधून घेऊन, तिन्ही सिनेमे पुन्हा उभे केले गेले आणि 2015 मध्ये क्रायटेरियनने अमेरिकेत त्यांची ब्लू-रे काढली. ती ए प्रदेशाची. म्हणजे बंगालचा सिनेमा, बंगळुरूतला प्रेक्षक, आणि सरळ दुकानातून आणलेला प्लेअर म्हणतो चालणार नाही! आमच्या शेजाऱ्यांच्या खोक्यात सगळ्यात वर हाच संच होता.

आता घ्यायचा कुठला? दुकानात 'मल्टी-रीजन' असं लिहिलेलं दिसतं. इथे बहुतेक लोक फसतात. ब्लू-रे प्लेअरमध्ये डीव्हीडीचं कुलूप वेगळं आणि ब्लू-रेचं वेगळं. डीव्हीडीचं पुष्कळदा रिमोटवरून ठरावीक बटणं दाबून उघडतं. ब्लू-रेचं सहसा तसं उघडत नाही, यंत्रात आत काम करावं लागतं. विक्रेता डीव्हीडीपुरताच उघडलेला प्लेअर बिनदिक्कत मल्टी-रीजन म्हणून विकतो, आणि त्याच्या दृष्टीने तो खोटंही बोलत नसतो. म्हणून विचारायचं ते स्पष्ट विचारा: ब्लू-रेचे ए, बी, सी तिन्ही चालतात का? आणि स्वतःची डिस्क बरोबर न्या. के. आर. पुरमहून जांभळ्या मेट्रोने मॅजेस्टिक, पुढे रिक्षाने एस. पी. रोड. काउंटरवर आपलीच डिस्क लावून बघायची, मग पैसे द्यायचे. फोर-के अल्ट्रा एचडी डिस्कला प्रदेशाचं कुलूप नसतं, पण त्याच खोक्यात साधी ब्लू-रे जोडीला असेल तर तिला असू शकतं.

कुलूप उघडलं तरी एक भानगड उरते. अमेरिका-जपानच्या डीव्हीडी एनटीएससी पद्धतीच्या, भारत-युरोपच्या पाल. एकीत सेकंदाला साधारण 30 चित्रं, दुसरीत 25. आपल्याकडचे प्लेअर आणि आताचे टीव्ही बहुधा दोन्ही झेलतात. अमेरिकेतून आणलेला प्लेअर मात्र पाल डिस्कपुढे अनेकदा हात टेकतो. त्यामुळे तिकडचाच प्लेअर बॅगेत घालून आणू, हा बेत दिसतो तितका सोपा नाही. शिवाय विजेचा प्रश्न. तिकडे 120 व्होल्ट, इथे 230. यंत्राच्या मागच्या पट्टीवर 100–240 लिहिलं असेल तर फक्त पिन बदलायची. नुसतं 120 असेल तर थेट सॉकेटला लावू नका. एकदाच लागेल.

कुणी म्हणेल, लॅपटॉपला ड्राइव्ह जोडू. जोडा, पण जपून. संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हला प्रदेश पाचच वेळा बदलता येतो, शेवटचा कायमचा बसतो. घरातलं पोर 'ओके' दाबत सुटलं तर पाच संपायला एक दुपार पुरते.

शेजाऱ्यांनी शेवटी तिन्ही प्रदेश चालवणारा प्लेअर मागवला, बराच महाग पडला. पण त्याआधी मी त्यांना एक काम करायला लावलं. बारशाची डिस्क घरी भरलेली, म्हणजे रंगाच्या थरावर लिहिलेली. तो थर उन्हाने, दमटपणाने फिका पडतो आणि एक दिवस डिस्क वाचलीच जात नाही. विकतचा सिनेमा पुन्हा मिळेल. बारशाची आम्ही त्याच संध्याकाळी हार्ड डिस्कवर प्रत काढली, दुसरी पेन ड्राइव्हवर, आणि एक आजीकडे साताऱ्याला पाठवली.