विजेची उधळपट्टी : निर्बंध आणि आकारणी

विजेच्या उधळपट्टीस आळा घालण्याचे शासनापुढे मुख्यत्वे दोन मार्ग असतात : एक निर्बंधाचा, दुसरा आकारणीचा. मागांसाठी प्रसिद्ध असलेल्या बेळगावातील शहापूर भागास दोहोंचा परिचय आहे.

ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ अन्वये कर्नाटक शासनाने २००७ साली शहरांतील विवक्षित नव्या इमारतींना सौर जलतापक सक्तीचे केले आणि शासकीय इमारतींत जुन्या पद्धतीच्या बल्बना मनाई केली. परंतु निर्बंध वस्तूपुरताच चालतो. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा त्याने थांबत नाही. तेथे वीजबिलाचाच धाक उपयोगी पडतो.

२०२३ साली सुरू झालेल्या गृहज्योती योजनेत वीज मोफत असली तरी हा धाक कायम ठेवण्यात आला. आरंभीच्या नियमांनुसार, २०२२-२३ मध्ये दरमहा सरासरी १५० युनिट वापरणाऱ्या घरास १० टक्के वाढीसह १६५ युनिट मोफत मिळत. वापर १८० झाल्यास वरच्या १५ युनिटांचे पैसे भरावे लागत. २०० ची मर्यादा ओलांडताच मात्र संपूर्ण बिल माथी येई.

साठ वॅटचा बल्ब रोज पाच तास जळल्यास महिन्यास ९ युनिट लागतात. नऊ वॅटच्या एलईडी दिव्यास दीड युनिटही लागत नाही. दोन हजार वॅटचा गीझर रोज अर्धा तास चालला तरी ३० युनिट होतात.

एकाच मीटरवर नांदणारे मोठे कुटुंब मर्यादा लवकर गाठते, हा या पद्धतीतील दोष होय. म्हणूनच अशा घरांनी बिलाची वाट न पाहता दर आठवड्यास मीटर वाचणे हितावह ठरेल.